'दिविझी'ला मराठीत काय म्हणावं? फाटा, वाटे की तक्षीम?

वसईकर: चर्चच्या व्हायोलिनवृंदासाठी लिलीपाँडमध्ये, म्हणजे स्वरलिपी छापणाऱ्या संगणकप्रणालीत, पानं तयार होताहेत आणि सूचना मराठीत छापायच्या आहेत. सगळे पुन्हा एका सुरावर आले की 'युनिस.'ऐवजी 'एकत्र' चालतं. पण गट दोन सुरांत वाटला जातो तिथे 'दिविझी'साठी 'फाटा' सुचवला, तर वाजवणाऱ्यांनी साफ नाकारला. दुसरा शब्द सुचवा.

मालवणकर: बरोबर नाकारला. रस्त्याला फाटा फुटतो, खाडीला फुटतो. सूर मात्र 'फाटला' की बेसूर झाला. 'वाटे' लिहा. बाजारात कोळंबीचे वाटे लावतात, तसे हे सुरांचे.

दापोलीकर: शब्द कुठलाही घ्या, आधी छापून काय येतंय ते बघा. लिलीपाँडची 'पार्टकंबाइन' आज्ञा दोन ओळी एका पंचरेषेवर (सूर लिहायच्या पाच रेघांवर) आणते, आणि दोन्ही सूर सारखे झाले की आपोआप 'ए टू' छापते. फुंकवाद्यांत त्याचा अर्थ 'दोघांनी मिळून', तर तंतुवाद्यांत तोच 'दोन भाग करा' असाही वाचला जातो. अगदी उलटा. म्हणून पंचरेषेच्या 'ए-ड्यू-टेक्स्ट' गुणधर्मात 'एकत्र' भरा. दुसरी अडचण अशी की लय सारखी आणि अंतर नवव्या सुराच्या आत असलं, की लिलीपाँड दोन्ही सूर एकाच दांडीला (सुराच्या उभ्या रेघेला) लावतो. वाजवणारा ते दोन तारांवर एकदम वाजवतो. तिथे 'पार्टकंबाइन-अपार्ट' द्या, म्हणजे वरच्या सुराची दांडी वर, खालच्याची खाली.

वसईकर: एकाच दांडीचे सूर खरोखर दोन तारांवर हवे असतील तिथे 'जोडस्वर' लिहावं का?

मालवणकर: नको. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना जोडी म्हणतात आणि त्या एकाच सुरात असतात. 'न वाटता' सरळ कळतं.

राजापूरकर: कोकणात याला तयार शब्द आहे: तक्षीम. खोतीत भाऊबंदांचे हिस्से ते तक्षीम, धरणारा तक्षिमदार. 1949च्या कायद्याने खोती गेली, पण जुन्या दस्तांत शब्द जागोजाग आहे. 'तक्षीम 2', 'तक्षीम 3' किती सुटसुटीत!

दापोलीकर: जमिनीची तक्षीम कायमची, ही चार मात्रांची. शिवाय अरबी संगीतात तक्सीम म्हणजे एकट्याने केलेला आयत्या वेळचा विस्तार. जाणकार वाचक फसेल.

मालवणकर: आणि अरबी का? संस्कृतातून 'विभक्त' घ्या.

राजापूरकर: 'विभक्त' म्हटलं की चूल वेगळी झालेलं घर आठवतं. इथे एका स्टँडवर दोघं बसतात. प्रेक्षकांकडचा वरचा सूर घेतो, आतला खालचा. पान एकच.

दापोलीकर: वाटणी लांबली तर एका रेषेत कोंबू नका. तीन पंचरेषा लिहा, एक एकत्रित आणि दोन वेगळ्या. गटाला 'कीप-अलाइव्ह-टुगेदर-एनग्रेव्हर' (कुठल्या पंचरेषा दाखवायच्या ते ठरवणारा भाग) जोडा, वेगळ्यांना 'रिमूव्ह-लेयर' हा क्रमांक 1, एकत्रितला 2. तिन्हींना 'रिमूव्ह-एम्प्टी' (रिकामी पंचरेषा लपवा) आणि 'रिमूव्ह-फर्स्ट' (पहिल्या ओळीतही लपवा) हवंच. दुसरं विसरलं की पहिल्या ओळीत तिन्ही दिसतात. लपवणं ओळीगणिक होतं, म्हणून वेगळ्या पंचरेषांतही पूर्ण संगीत लागतं. मात्र एकत्र भागात त्यांचं 'कीप-अलाइव्ह-इंटरफेसेस' (कशामुळे पंचरेषा दिसत राहते त्याची यादी) रिकामं ठेवा, नाहीतर त्या कधीच लपणार नाहीत.

वसईकर: हे नीट कळलं. देवनागरी जोडाक्षरं तुटतील का?

दापोलीकर: नाही. अक्षरजुळणी लिलीपाँडमधला पँगो हा भाग करतो. फाइल यूटीएफ-8मध्ये ठेवा आणि देवनागरी असलेला फाँट द्या. तक्षीममधला 'क्ष'सुद्धा शाबूत येईल.

मालवणकर: पण तो 'क्ष' आला कुठून? मूळ 'तकसीम', त्यात 'श' नाहीच.

राजापूरकर: मराठीत 'सी'चा 'शी' होतो. सीमाची शीव झाली, तशी तकसीमची तकशीम. मग क आणि श एकत्र आले, जसे 'नक्श'वरून नक्षीत.

मालवणकर: नक्षीत 'श' मुळातला आहे. दाखला जुळत नाही.

राजापूरकर: शीवचा जुळतो. तो खोडून दाखवा.

वसईकर: आणि पानावर 'वाटे' छापू की 'तक्षीम'?