फुनमिलायोबाई पडद्यावर आल्या, युनियन आली का?

कारभारीण: बोलान्ले ऑस्टेन-पीटर्स यांचा 'फुनमिलायो रॅन्सम-कुटी' (नायजेरिया, २०२४) हा तिथल्या बायकांच्या लढ्याच्या पुढारी फुनमिलायोबाईंवरचा चित्रपट नेटका आहे. बाईंच्या भूमिकेत केहिंदे बंकोले यांचं काम दमदार. तरी माझ्या मते सगळं वजन बाईंवर पडलंय. नायजेरियातल्या अबेओकुटा शहरात बायकांच्या युनियननं केलेली करबंदी हिशेबावर उभी होती. १९१८ पासून तिथल्या बायकांना नवऱ्यापासून वेगळा कर, तोही सरसकट दरानं. मुलग्यांना सोळाव्या वर्षापासून, मुलींना पंधराव्यापासून. आणि वय ताडायला वसुलीवाले मुलींच्या अंगावरचे कपडे काढायचे. वसुली आलाकेची, म्हणजे तिथल्या राजाची, पाठबळ इंग्रजांचं. युनियननं अर्ज केले, हिशेबनीस लावून कारभाराच्या वह्या तपासल्या, कर भरायचं थांबवलं. चित्रपटाचा कणा हाच हवा.

तिसरी घंटा: वह्यांवर कॅमेरा किती वेळ ठेवणार? प्रेक्षकाला चेहरा लागतो. आणि आंदोलनच मुळात नाट्यमय होतं की! मोर्चाला परवाना मिळेना, तर बायका 'सहल' म्हणून निघायच्या. १९४७ च्या अखेरीस दहा हजारांच्या घरात बायका राजवाड्यासमोर रात्रभर बसल्या, राजाची टर उडवणारी गाणी म्हणत.

कारभारीण: अहो, त्या सहली कुणी जमवल्या? अश्रुधुराची नळकांडी अंगावर आली तर ती उचलून परत कशी फेकायची, याची तालीम बायकांना आधी दिली होती. असा एक प्रसंग नीट रंगवला तर तुमचं नाट्य आणि माझी संघटना दोन्ही येतात. १९३२ चा लेडीज क्लब शिकलेल्या ख्रिस्ती घरांतल्या बायकांचा. पुढे बाजारातल्या विक्रेत्या साक्षरतेच्या वर्गाला येऊ लागल्या, युद्धकाळात अधिकारी त्यांचा तांदूळ जप्त करत होते ते क्लबला कळलं, आणि १९४६ मध्ये विमेन्स युनियन झाली. क्लबातल्या बाईनं बाजारवालीचं ऐकून घेणं हे खरं वळण. ते घाईत उरकलं की पुढची गर्दी भाड्यानं आणल्यासारखी दिसते.

अर्धविराम: शेवट कुठे करायचा याबद्दल कुणीच बोलत नाहीये. आलाके अडेमोला १९४८ मध्ये शहर सोडून गेले, जानेवारी १९४९ मध्ये पदत्याग केला, पण डिसेंबर १९५० मध्ये गादीवर परत आले! विजयाच्या जल्लोषावर पडदा पाडला तर हे गायब. उलट बाईंचा मुलगा, गायक फेला कुटी, याच्या घरावरचा १९७७ चा लष्करी छापा, त्यात खिडकीतून फेकल्या गेलेल्या सत्तरी ओलांडलेल्या बाई, यांवर भर दिला तर त्या पुन्हा 'फेलाची आई' होतात. नायजेरियात गाडी चालवणारी पहिली बाई ही ओळख तर निव्वळ पोस्टरपुरती.

तिसरी घंटा: राजा परतला म्हणून विजय खोटा ठरत नाही. बायकांवरचा वेगळा कर गेला, कौन्सिलात त्यांना जागा मिळाल्या. आणि संघटना कितीही पक्की असो, काही गोष्टी एकाच माणसाच्या हातून होतात. बायकांना घाबरवायला ओरोची, म्हणजे पुरुषांच्या गुप्त पंथाची, काठी बाहेर काढली, तर फुनमिलायोबाईंनी ती हिसकावली आणि घरी नेऊन सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. हे कुठल्या ठरावात बसवणार?

कारभारीण: बसवू नका, दाखवा. फक्त ओरो निघाला की बायकांनी दार लावून घरात बसायचं, त्याच्याकडे बघायचंही नाही, हे अर्धा तास आधी कुठेतरी येऊ द्या. तिथल्या योरुबा प्रेक्षकाला सांगावं लागणार नाही. आपल्याला मात्र नुसती काठीची ओढाताण दिसेल.