लाइटपेक्षा मे महिन्यातली यीस्टची बाटली सांभाळा

माशांच्या टाकीत पाण्याखाली वाढणाऱ्या झाडांबद्दल ‘लाइट वाढवा, झाडं आपोआप वाढतील’ असं दोघांनी लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. प्रकाश वाढला की झाडाची कार्बन डायऑक्साइडची भूकही वाढते. ती भागली नाही तर झाड अडतं आणि काचेवर शेवाळ धरतं. माझ्या दोन फुटी टाकीत लाइट 10 तासांवरून 7 वर आणला, तेव्हाच ते आटोक्यात आलं.

साखर आंबवून टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या घरगुती साखर-यीस्टच्या बाटलीबद्दल बोलताना मात्र कोणी आपला नागपूरचा उन्हाळा धरलेला नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा यीस्ट भराभर आंबतं. डिसेंबरात तीन आठवडे पुरणारी बाटली माझ्याकडे आठवड्यात संपली. हा गॅस रात्री बंदही करता येत नाही. अंधारात झाडंसुद्धा ऑक्सिजनच घेतात, आणि तापलेल्या पाण्यात तो मुळात कमी विरघळतो. एका पहाटे माझे निऑन टेट्रा मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. चार गेले, फार वाईट वाटलं. आता होळीनंतर बाटली काढूनच ठेवतो, रात्रभर एअर पंप चालवतो आणि कमी उजेडावर भागणारं जावा फर्न लावतो.