तुमच्या ओळखीचं माणूस पडद्यावर भेटलं का?

ओसरी

अलीकडे पाहिलेल्या सिनेमांवर बोलू या, पण एका अटीवर. कथा, गाणी, गल्ला हे सगळीकडे वाचायला मिळतं. इथे फक्त अभिनय, आणि तोही असा की ज्यावर तुम्ही अधिकाराने बोलू शकाल. तुम्ही ज्या पेशात आहात, ज्या गावचे आहात, घरात जे माणूस सांभाळलंय, तसं माणूस कुणी पडद्यावर केलं असेल तर ते पटलं का? सिनेमा नवाच हवा असं नाही. शेवट मात्र फोडू नका.

सुरुवात मीच करते. मी बँकेत आहे, बरीच वर्षं तालुक्याच्या शाखांमध्ये काढली. परवा ‘थ्री ऑफ अस’ पाहिला. त्यात जयदीप अहलावत वेंगुर्ल्याचा बँक मॅनेजर आहे, प्रदीप कामत. ‘पाताल लोक’मधला त्याचा पोलीस डोक्यात घट्ट बसलेला, त्यामुळे जरा धाकधूकच होती. एरवी सिनेमातला मॅनेजर म्हणजे एकतर कर्ज नाकारणारा खडूस, नाहीतर दरोडा पडला की टेबलाखाली शिरणारा. हा तसा नाही. लहान गावात मॅनेजरला सगळे ओळखतात, आणि तो जे बोलेल ते संध्याकाळच्या आत बाजारात पोचतं. त्यामुळे आवाज आपोआप खाली येतो, उत्तर द्यायच्या आधी माणूस जरा थांबतो. अहलावतने हे कुठून उचललं कोण जाणे. घरी तो भरतकाम करतो, आणि एवढ्या दांडग्या माणसाच्या हातात ती सुई कुठेही ‘बघा, पुरुष असून!’ असं म्हणत नाही. शेफाली शहाचं कौतुक सगळ्यांनी केलंय. मी प्रदीपची बायको झालेल्या कादंबरी कदमचंही करीन. नवऱ्याची शाळेतली मैत्रीण दारात येते तेव्हा त्रागा करायचा सोडून ती चक्क त्याची फिरकी घेते. अशा बायका मी शाखेत पुष्कळ पाहिल्या आहेत, सिनेमात फार नाही.

पुकारा

माझ्याकडून ‘कोर्ट’. सिनेमा २०१४चा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, पण माझा बघायचा राहिला होता. मी जिल्हा न्यायालयात स्टेनो होतो, आता निवृत्त. नोकरीत असताना कोर्टाचे सिनेमे बघवत नसत. टेबलावर मूठ आपटणारे वकील, ‘ऑर्डर ऑर्डर’ करणारे न्यायाधीश आणि पिंजऱ्यात ढसाढसा रडणारा साक्षीदार. खऱ्या कोर्टात सगळ्यात जास्त ऐकू येतो तो पंख्याचा आवाज.

इथे पहिल्यांदा माझं काम पडद्यावर दिसलं. साक्षीदार बराच वेळ बोलतो, न्यायाधीश त्याचं एक वाक्य करून लिहून घ्यायला सांगतात, आणि पुढे कागदावर राहतं ते साहेबांचं वाक्य. प्रदीप जोशींनी न्यायाधीश केलाय. लिहून घ्यायला सांगताना त्यांचा सूर बदलतो तो तंतोतंत! माणसाशी बोलायचा आवाज वेगळा आणि नोंदीचा वेगळा. गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील. लांबलचक कलमं ती एका सुरात, जराही जोर न देता वाचत जाते. तिला आरोपीचा राग नाही, द्वेष नाही. बोर्डावरचं एक प्रकरण आहे, ते पुढे सरकायला हवं. मग लोकल, मुलाला आणणं, घरी स्वयंपाक. एखाद्याला अडकवणारी बाई इतकी साधी असते, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं.

पण माझ्या मते सिनेमातलं सर्वांत मोठं काम उषा बाणे यांचं. गटारात मेलेल्या सफाई कामगाराची बायको. त्या व्यावसायिक अभिनेत्री नाहीत. नवऱ्याचं वय विचारलं तर माहीत नाही. आत उतरायच्या आधी तो खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. हे त्या भाजीचा भाव सांगावा तसं सांगतात. विचारलं तेवढंच उत्तर, त्यापुढे एक शब्द नाही. कोर्टात गरीब माणूस असाच बोलतो. जास्त बोललो तर काहीतरी अंगावर येईल याची त्याला पक्की खात्री असते.

आरोपी शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते. २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. गाण्यात इतका पेटलेला माणूस कोर्टात नुसता बसून राहतो. तारखा खाल्लेला माणूस कसा बसतो, ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिठ्यावरचो

आम्ही कुडाळचे, त्यामुळे ‘दशावतार’ची तिकिटं घरातल्या सगळ्यांची निघाली. सोबत आमचे मोठे काका होते. तरुणपणी ते दशावतारी कंपनीबरोबर जत्रा करत हिंडलेले आणि स्त्रीपार्टी म्हणून त्यांचं नाव होतं. बाहेरच्यांसाठी सांगतो: दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान करायचं ते ठरतं आणि संवाद जागच्या जागी बोलायचे. तोंड स्वतःचं स्वतः रंगवायचं. आधी गणपती, संकासुर, मग मूळ आख्यान, आणि हे सगळं देवळासमोर पहाटेपर्यंत. दिवसा शेतात नाहीतर रिक्षात दिसणारा माणूस रात्री राजा असतो. हा बदल ज्याला दाखवता येत नाही त्याने या सिनेमातला दशावतारी, बाबुली मेस्त्री, करूच नये.

दिलीप प्रभावळकरांनी तो एक्याऐंशीव्या वर्षी केला. चिमणराव, ‘चौकट राजा’मधला नंदू, टिपऱ्यांचे आबा, मुन्नाभाईला दिसणारे गांधीजी, एवढं सगळं करून झालेला माणूस. मी त्यांचे पाय बघत होतो, कारण दशावतारी पायावर ओळखतात. तिथे वय दिसतं. काका मात्र डोळ्यांकडे बघत होते. मध्यंतरात म्हणाले, “ह्यो डोळ्यांनी नाचता रे. पायांचा काय घेऊन बसलंस?” वडा खाता खाता त्यांनी तिथेच, लॉबीत, पेटी सुरू झाली की पाठ कशी सरळ करायची ते करून दाखवलं. खांदे आधी उठत नाहीत, मान आधी उठते. मग उत्तरार्धात मी तेवढंच बघत बसलो. प्रभावळकरांची मान खरोखर आधी उठते.

न आवडलेलं: सगळ्यांची मालवणी सारखी नाही. काहींची बोरिवलीपर्यंत येऊन थांबते. आणि उत्तरार्धात सिनेमाला घाई झालीय.

लिंबूटिंबू

> सगळ्यांची मालवणी सारखी नाही

आमच्या डोंबिवलीच्या कानांना सगळं गोडच लागलं बुवा. उत्तरार्धाबद्दल +१.

फळा पुसणारी

रात्रशाळेत शिकवते. ‘आता थांबायचं नाय’ बघायला आमचे विद्यार्थीच मला घेऊन गेले. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत बसून दहावी करतात, एवढी गोष्ट. प्रौढ माणूस वर्गात बसतो तेव्हा त्याला आधी लाज वाटते ती शरीराची. बाक लहान, गुडघे वर, आणि पेन फावड्यासारखं घट्ट धरलेलं. लिहून लिहून बोटं दुखायला लागतात, पण सांगायचं नाही. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांनाही टाळ्या घ्यायची जन्मजात सवय. इथे दोघं हात आखडता घेतात आणि विनोद त्यांच्यावर ओढवतो, ते तो करत नाहीत. सिद्धार्थचा मोकळा चेहरा मला जास्त भावला. माझ्या एका विद्यार्थ्याचं म्हणणं मात्र वेगळं: “बाई, आम्ही एवढे हसत नाय हो वर्गात. झोप येते.”

पोळपाट

‘नाच गं घुमा’ आमच्या मावशींना दाखवला, म्हणजे आम्ही दोघी मिळूनच गेलो. नम्रता संभेरावची आशाताई त्यांना पसंत. पदर खोचायची पद्धत, भांडं आपटून राग काढणं, ताईंची नजर चुकवून उत्तर देणं, सगळ्याला पास. हरकत एकच, “इतक्या उशिरा मी आले तर तुम्ही ठेवाल का मला?” मुक्ता बर्वेच्या कामाबद्दल त्यांनी काहीच मत दिलं नाही, नुसतं माझ्याकडे बघून हसल्या. मी विषय वाढवला नाही.

जवारी

गाणं शिकते, त्यामुळे ‘द डिसायपल’वर लिहायला हात शिवशिवत होते. ‘कोर्ट’ करणाऱ्या चैतन्य ताम्हाणेंचाच. नायक आदित्य मोडक हा खऱ्या आयुष्यात गवई, गुरुजी झालेले अरुण द्रविडही गवई. म्हणून गाणं खोटं नाही, हे तर झालंच. मला सांगायचंय ते गात नसतानाच्या चेहऱ्याबद्दल.

गुरूंच्या मागे तानपुरा घेऊन बसणं हे एक वेगळंच काम आहे. हात एका लयीत चालू ठेवायचा, गुरू जागा घेतील तेव्हा दाद द्यायची पण त्यांच्यापुढे जायचं नाही, आणि मध्येच मान वळवून त्यांनी खूण केली तर लगेच आवाज लावायचा. त्या वेळी डोक्यात काय चाललेलं असतं? अर्धं प्रेम आणि अर्धा हिशेब: हे मला कधी येणार? मोडकच्या चेहऱ्यावर सुरुवातीला नुसतं प्रेम आहे. पुढे वर्षं जातात, शरीर जड होतं (त्याने खरंच वजन वाढवलं होतं), आणि तोच तानपुरा, तीच बैठक, पण चेहऱ्यावर हिशेब जास्त. एकही संवाद न बोलता. स्पर्धेचा निकाल लागतो त्या प्रसंगात तो जे करतो, म्हणजे खरं तर काहीच करत नाही, ते बघताना मला माझ्या सगळ्या स्पर्धा आठवल्या आणि मी सिनेमा थांबवून चहा करायला उठले.

गुरुजींच्या गुरू माई, त्यांचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. रात्री रिकाम्या मुंबईतून हा संथ मोटरसायकलवर चाललाय आणि कानात तो आवाज. त्या आवाजात माया अजिबात नाही, म्हणून तो खरा वाटतो. सिनेमा नेटफ्लिक्सवर आला त्याच महिन्यात भावे गेल्या.

बर्फातली कोथिंबीर

सुमित्रा भावे म्हणजे आमच्यासाठी ‘अस्तु’. मी टोरोंटोत असते. पुण्यात बाबांना विस्मरणाचा आजार आहे, भाऊ-वहिनी बघतात आणि मी व्हिडिओ कॉलवर. बरेच दिवस हा सिनेमा टाळत होते. मोहन आगाशेंनी संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक केलेत, मुलीच्या गाडीतून उतरून रस्त्यातल्या हत्तीच्या मागे चालू लागणारे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, याचा फायदा दिसतो. असा रुग्ण म्हटला की नट शून्यात बघायला लागतात, हात थरथरवतात. आगाशे तसलं काही करत नाहीत. त्यांच्या प्राध्यापकाचा रुबाब तसाच आहे. श्लोक तसाच स्वच्छ येतो. गेलंय ते फक्त आजूबाजूचं.

माझे बाबा मुख्याध्यापक होते. मी कोण ते त्यांना सांगता येत नाही, पण वर्तमानपत्र समोर ठेवलं की लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसतात, आणि सुधारणा बरोबर असते. आगाशेंना बघताना मला तो लाल पेन दिसत होता. इरावती हर्षेच्या मुलीवर मी काही लिहीत नाही, तेवढं लांब उभं राहून बघता आलं नाही. अमृता सुभाषला माहुताच्या बायकोच्या, चन्नम्माच्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. ती म्हाताऱ्याला रुग्ण समजतच नाही, एक भुकेलं पोर समजते. वहिनी नेमकं तेच करते. तिलाही पुरस्कार द्यायला हवा!

दुतोंड्या

नाशिककर. ‘गोदावरी’तला जितेंद्र जोशी भाडं गोळा करत पंचवटीत फिरतो तेव्हा त्याच्या चालण्यात वैताग आहे, पण वाट चुकत नाही, घाटावर कुठे शेवाळ आहे ते पायांना ठाऊक असल्यासारखा उतरतो. गोव्याच्या महोत्सवात रौप्य मयूर मिळाला तो उगाच नाही. विक्रम गोखले सिनेमा लागल्यावर दोनच आठवड्यांनी गेले. त्यांचे आजोबा पुन्हा बघायचे म्हणून परत तिकीट काढलं.

खडूस प्रेक्षक

गोखल्यांचं निघालंय म्हणून एक अप्रिय मत. ‘नटसम्राट’ पुन्हा पाहिला. नाना पाटेकर पडदा फाडून बाहेर येतात. मला एवढं नको होतं. हॉस्पिटलमधल्या त्या कर्ण-कृष्णाच्या प्रसंगात गोखले खाटेवर पडल्या पडल्या सगळा सिनेमा खिशात घालतात.

जवारी

@खडूस, तो रंगभूमीचा नट आहे हो! म्हातारपणी घरातसुद्धा शेवटच्या रांगेसाठीच बोलणार. आमच्या शेजारी असे एक होते, दूधवाल्याशीही तसंच बोलायचे.

खडूस प्रेक्षक

मग शेजारी राहणं आणि तिकीट काढणं यांत फरक आहे.

चाळ क्रमांक गाळलेला

छाया कदमवर कुणी लिहिलं नाही, आश्चर्य आहे. ‘फँड्री’तली आई, ‘लापता लेडीज’मधली स्टेशनवरची मंजू माई, आणि कानला ग्रां प्री मिळालेल्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मधली पार्वती. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची विधवा. वर्षानुवर्षं राहत्या घरात, पण नवऱ्याने कागद कुठे ठेवले माहीत नाही, आणि बिल्डर दारात. आमच्या चाळीत असं घडलेलं आहे, म्हणून सांगते: अशा वेळी बाई रडत नाही. ती परत परत तीच पिशवी उपसते. लाइट बिल, रेशनकार्डाची झेरॉक्स, लग्नाची पत्रिका. पार्वतीच्या बोलण्यात तो उपसून दमलेला सूर आहे, आणि त्याखाली चिडखोर मिश्कीलपणा. ती बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारते तेव्हा थिएटरात मी एकटीच ओरडले. पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून पाहिलं. बघू देत.

दाढदुखी

मी दंतवैद्य. ‘वाळवी’त शिवानी सुर्वे दंतवैद्य आहे हे कळल्यावर मोठ्या आशेने बसलो. बाई खुनाच्या भानगडीत इतक्या अडकल्या आहेत की दवाखान्याकडे लक्ष द्यायला सवड नाही. बाकी अनिता दाते झकास, सुबोध भावे धमाल. पण आमच्या पेशाला अजून न्याय मिळायचाय. कुणाला दातांच्या डॉक्टरचा बरा सिनेमा ठाऊक असेल तर सुचवा, कुठल्याही भाषेतला चालेल.