जपानी ‘मागे’ला मराठीत काय म्हणायचं?

जुन्या जपानी फोटोंखालच्या ओळी मराठीत लिहितेय. छायाचित्रकार फेलिचे बेआतोने १८६० च्या दशकात योकोहामात काढलेले, हाताने रंगवलेले. ‘मागे’ म्हणजे डोक्यावर बांधलेले केस. पुरुषांच्या डोक्यावर ‘चोनमागे’ आहे, शेंडी लिहू का? बायकांच्या ‘मारुमागे’ला अंबाडा चालेल?

— शेंडी नको हो ताई. शेंडी मागे लोंबते, हे केस तेल चोपडून, बांधून, दुमडून टाळूवर पुढे आणलेले असतात आणि पुढचं डोकं तुळतुळीत भादरलेलं, त्या भादरलेल्या भागाला परत वेगळा शब्द, साकायाकी. मूळ क्रियापद ‘मागेरु’, म्हणजे वाकवणं, दुमडणं. आपण वाचतो ‘मागे’ आणि केस येतात पुढे!

— अंबाडा दिसायला ठीक, पण मारुमागे लग्न झालेल्या बाईचा, शिमादा बिनलग्नाच्या मुलीचा. आपल्या अंबाड्यावरून कुठे कळतं लग्न झालंय का ते. अर्थात स्टुडिओत बऱ्याचदा पैसे देऊन बसवलेल्या मुली असायच्या, तेव्हा केस बघून ‘विवाहिता’ असं ठोकून देऊ नका.

— बरं झालं सांगितलंत, दोन ठिकाणी तेच ठोकलं होतं. अजून एक, दुसऱ्या कुणाच्या एका फोटोत किमोनोची (घालणाऱ्याची) उजवी बाजू डावीच्या वर आहे. तसा तर प्रेताला नेसवतात ना?

— ‘नेसवतात’ नाही, घालतात. शिवलेला असतो, बाह्या असतात. ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, गुंडाळतात म्हणा हवं तर. आणि फोटो डागेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचा जुना फोटो, आहे का बघा, त्यात चित्र आरशासारखं उलटं येतं. सोपी खूण म्हणजे सामुराई तलवार डाव्या कमरेला खोचतो, ती त्याच्या उजव्या कमरेला दिसली की माणूस जिवंत आहे, फोटो उलटा आहे.

— माझी भर, ‘झानगिरी’ हा शब्दपण घ्या, कापलेल्या आखूड केसांचं डोकं. १८७१ च्या हुकुमाने केस कापायची मोकळीक दिली, सक्ती नव्हती. उचिदा कुइचीने सम्राट मेइजींचे फोटो काढले ते बघा, १८७२ चा जुन्या दरबारी पोशाखातला आणि १८७३ चा केस कापून पाश्चात्य लष्करी गणवेशातला, दोन्ही शेजारी ठेवले तर एकच माणूस आहे हे पटत नाही.

— ठरलं, चोनमागे आणि मारुमागे तसेच ठेवते, पहिल्यांदा आले की एकेक ओळ अर्थ देते. शेंडी कापली!