वर तीन भाडेकरू पोरं, खाली माझा कॉल अडकतो: राउटर म्हणून कुठला छोटा बोर्ड घ्यावा? (इंदूर)

सुदामानगरवाला

नमस्कार मंडळी. घर सुदामानगरला, खाली आम्ही चौघं आणि आई, वर कोचिंगची तीन पोरं भाड्याने. वायफाय भाड्यातच धरलंय, त्याशिवाय हल्ली कुणी खोली बघायलाही येत नाही. फायबर २०० एमबीपीएसचं, कंपनीने दिलेला एकच डबा भिंतीवर लटकवलेला. दिवसभर सगळं छान आणि रात्री नऊ वाजले की माझ्या ऑफिसच्या कॉलवर "हॅलो, आवाज येतोय का" सुरू. स्पीडटेस्ट केली तर १९० दाखवते, त्यामुळे कंपनीचा माणूस येतो, चहा पितो आणि लाइन ओके आहे म्हणून जातो.

तर आता स्वतःचा राउटर बनवावा म्हणतोय, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत सॉफ्टवेअर) टाकून. मुलाच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, ४ जीबीवाला) ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलाय. तो चालेल का पाय ५ घेऊ, का ते नॅनोपाय म्हणून दोन-तीन पोर्टवाले येतात ते घेऊ? मला वरच्या पोरांचं नेटवर्क वेगळं हवंय, जाहिराती बंद झाल्या तर हव्यात, आणि धाकटीचं नेट रात्री दहाला बंद झालं पाहिजे. बजेट आहे पण उधळायचं नाहीये.

जेलरोडचं_जुनं_गिऱ्हाईक

बोर्ड राहू द्या, आधी दुखणं बघा. रात्री नऊला लॅपटॉप केबलने डब्याला जोडा, गूगलच्या डीएनएस सर्व्हरला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) चालू ठेवा आणि त्याच वेळी फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. एरवी १०-१५ मिलिसेकंद असलेलं पिंग ३००-४०० वर उडालं तर तुमचा स्पीड कमी नाहीये, रांग तुंबलीय. याला बफरब्लोट म्हणतात.

म्हंजे कसं, सकाळी पोह्याच्या ठेल्यावर तुमच्या पुढचा भिया ऑफिससाठी चाळीस प्लेटचं पार्सल सांगतो आणि तुम्हाला एकच प्लेट हवीय. ठेलेवाला फास्ट आहे हो, पण चाळीस झाल्याशिवाय तुमचा नंबर नाही. वरची पोरं लेक्चर डाउनलोडला लावतात, कुणाच्या फोनचा बॅकअप चढतो, आणि तुमच्या कॉलचं एवढंसं पॅकेट मागे उभं. स्पीडटेस्टला हे दिसत नाही कारण ती एकूण प्लेटी मोजते.

इलाज आहे एसक्यूएम (ही रांग नीट सांभाळणारी ओपनडब्ल्यूआरटीतली सोय), त्यात केक नावाची रांग निवडायची. केक लिनक्समध्ये (ओपनडब्ल्यूआरटीचा पाया तोच) २०१८ पासून आहे, ४.१९ कर्नलपासून, आणि त्याची खरी मजा ही की प्रत्येक उपकरणाला सारखा वाटा देता येतो, मग एकाने पन्नास कनेक्शन उघडली तरी त्याला पन्नास वाटे मिळत नाहीत. फक्त स्पीड मोजून त्याच्या ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालायची, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या ताब्यात लागते. हे काम प्रोसेसरला करावं लागतं, आणि बोर्ड निवडायचा तो या हिशोबाने.

दोन_पोर्ट_हवेतच

जेलरोडवाल्यांचं बरोबर आहे, बोर्डांबद्दल मी सांगतो, चार वर्षं हेच धंदे केलेत.

पाय ४ ला पोर्ट एकच, पण तो खरा गिगाबिट आहे. जुना ३ बी प्लस असता तर नाहीच म्हटलं असतं, त्याचा गिगाबिट यूएसबी २ मधून जातो आणि ३०० च्या आसपास दम टाकतो. पाय ४ ला निळ्या यूएसबी ३ पोर्टात गिगाबिटचा डोंगल (यूएसबीतून नेटवर्क पोर्ट देणारी काडी) लावायचा, रियलटेकच्या आरटीएल ८१५३ चिपवाला, झाला दुसरा पोर्ट. २०० ची लाइन केक लावून आरामात निघते. लोक नाक मुरडतात की डोंगल म्हणजे जुगाड, पण नॅनोपाय आर२एस उघडून बघा, त्यातला एक पोर्ट आत यूएसबी ३ वरच बसवलेला आहे! तोच जुगाड, फक्त डब्यात बंद करून विकलेला.

नॅनोपायच्याच आर४एस मध्ये दुसरा पोर्ट यूएसबीऐवजी पीसीआयईवर (प्रोसेसरला थेट जोडणीवर) आहे आणि त्याच्या आरके३३९९ प्रोसेसरचा दमही चांगला, पुढेमागे ५०० किंवा गिगाबिटचा प्लॅन घेणार असाल तर तो बघा. आर५एस ला तीन पोर्ट, त्यातले दोघं अडीच गिगाबिटचे आणि एक गिगाबिटचा, म्हंजे एक कंपनीला, एक घराला, एक वरच्या मजल्याला, तुमच्या घरासाठीच बनवल्यासारखा. पाय ५ मात्र यासाठी घेऊ नका. पोर्ट पुन्हा एकच, आणि पूर्ण ताकदीला ५ व्होल्ट ५ अँपियरचा चार्जर मागतो, तो वेगळा शोधत फिरा. चांगला बोर्ड आहे, पण २०० च्या लाइनीला म्हणजे गल्लीत ट्रक.

आणि ओपीएनसेन्स, पीएफसेन्स (राउटर-फायरवॉलची दुसरी सॉफ्टवेअरं) टाका असं कुणी सांगेल, त्यांची पायसाठी अधिकृत आवृत्तीच नाही.

रामबाग_काका

मी जरा उलटं बोलतो, रागावू नका. तुम्ही चार दिवस नागपूरला लग्नाला गेलात आणि मागे ते डोंगल-वायर-बोर्डचं कडबोळं बंद पडलं तर आईंना फोनवर काय सांगणार, "निळ्या पोर्टातली काडी काढून परत घाल"? माझ्याकडे हेच झालंय. सौ. ने सगळं उपटून कंपनीचा डबा परत लावला आणि वर शेजाऱ्यांना सांगितलं की आमच्या ह्यांनी नेट बिघडवलं होतं.

त्यापेक्षा ओपनडब्ल्यूआरटी चालतं असा तयार राउटर घ्या, त्यांच्या साइटवर कुठलं मॉडेल चालतं त्याची यादी आहे. किंवा ओपनडब्ल्यूआरटी वन बघा, २०२४ साली त्या लोकांनीच बनाना पायकडून बनवून घेतला, वायफाय ६ आत, १ जीबी रॅम, एक अडीच गिगाबिटचा पोर्ट आणि एक गिगाबिटचा. डब्यासकट ८९ डॉलरला आला होता, इथे मागवायला कुरिअर आणि ड्यूटी वेगळी. पायचं स्वतःचं वायफाय स्लॅब ओलांडून वर जाणार नाही, तेव्हा बोर्ड घेतला तरी वायफायचा डबा लागणारच, हे कुणी आधी सांगत नाही.

दोन_पोर्ट_हवेतच

काका, वायफायचं शंभर टक्के मान्य. पण जुना कुठलाही राउटर त्यासाठी चालून जातो, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणं) बंद करायचं आणि केबल वॅनच्या (कंपनीच्या लाइनीच्या) नाही, लॅनच्या (घरच्या नेटवर्कच्या) भोकात लावायची. नवीन काही घ्यायला नको.

लाइट_गेली_परत

दोन गोष्टी सुटल्या. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपियरचाच चार्जर लावा, मोबाइलचा जुना लावलात तर डोंगलसकट व्होल्टेज पडतं, मग डोंगल मधूनच गायब होतो आणि माणूस आठवडाभर सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो (हो, मीच तो). दुसरं, पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लोक लावतात, पाय ५ व्होल्टवर चालतो, तेव्हा दोन्ही आउटपुट असलेला बघून घ्या. वीज अगदी किरकोळ खातो, ५ वॅट धरले तर वर्षाचे ४४ युनिट. कुणी जुना डेस्कटॉप राउटर करा म्हणालं तर ४० वॅटने साडेतीनशे युनिट होतात, तेवढं सांगून ठेवतो. आणि मे महिन्यात त्याला गच्चीच्या जिन्यात कोंडू नका, हीटसिंक लावा.

सुदामानगरवाला

सगळ्यांना धन्यवाद, आता रिपोर्ट. पिंग टेस्ट केली, एरवी १२, व्हिडिओ चढवताना ३८०! मी कंपनीच्या माणसाला वर्षभर उगाच बोलत होतो.

नवीन काही घेतलं नाही, ड्रॉवरमधलाच पाय काढला, फक्त डोंगल आणि चार्जर आणला. पहिल्या संध्याकाळी काहीच चालेना, दोन तास गेले, मग कळलं की कंपनीचा डबा पण १९२.१६८.१.१ वर आणि ओपनडब्ल्यूआरटी पण त्याच पत्त्यावर, दोघं एकमेकांच्या अंगावर बसलेले. पायला १९२.१६८.५.१ दिलं आणि धडाधड सगळं सुरू. पाठवणं-उतरवणं दोन्हीला १८० ची मर्यादा घातली, केक लावला, आता तोच व्हिडिओ चढवला तरी पिंग १८-२० च्या वर जात नाही. काल रात्री साडेनऊला कॉल झाला, कुणी "हॅलो हॅलो" म्हणालं नाही. जाहिराती वेबसाइटवरच्या गेल्या, यूट्यूबच्या तशाच आहेत. धाकटीचं दहाला बंद होतं, ती सव्वादहाला मोबाइल डेटा चालू करते, त्यावर बोर्ड मिळत असेल तर सांगा.

एकच अडलंय. वरच्या पोरांनी आपला स्वतःचा राउटर आणून लावलाय, आणि आता तेच तक्रार करतायत की काका, आमचं स्लो झालं.

जेलरोडचं_जुनं_गिऱ्हाईक

होणारच, त्यांचा राउटर नॅट करतो (सगळ्यांना एकाच पत्त्यामागे लपवतो) म्हणून केकला तिघं मिळून एकच गिऱ्हाईक दिसतं, एक प्लेट तिघांत. त्यांचा डबा अॅक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वायफाय देणारा) टाका, म्हणजे प्रत्येकाला आपला वाटा मिळेल. आणि नेटवर्क वेगळं करायचंय तर पायमध्ये दुसरा डोंगल लावा, एक निळं भोक अजून रिकामं असेल. तिथे वेगळा इंटरफेस, वेगळा झोन, फायरवॉलमध्ये त्या झोनला फक्त वॅनकडे जाऊ द्या. पण एसक्यूएम वॅनवरच राहू द्या, सगळीकडे लावत बसू नका.

सुदामानगरवाला

रविवारी करतो. पोरांना सांगितलंय सकाळी नऊ ते अकरा नेट नाही, तर म्हणे काका मग पोहे-जिलबी तुमच्याकडून.