जिलेटिनचा होलोग्राफिक पडदा आणि आपला पावसाळा

एकाने विचारलंय की रत्नागिरीत डायक्रोमेटेड जिलेटिनवर (म्हणजे डायक्रोमेट या क्षाराने प्रकाशसंवेदी केलेल्या, काचेवरच्या जिलेटिनच्या थरावर) केलेला होलोग्राफिक पडदा, म्हणजे सूक्ष्म रेषांनी प्रकाश हव्या त्या दिशेला वळवणारा पडदा, पावसाळ्यात टिकेल का. नीट सील केलात तर टिकेल, उघडा ठेवलात तर नाही. लेसरच्या दोन झोतांनी उमटलेल्या रेषा खुलतात त्या नंतरच्या धुण्यात: पाण्यात जिलेटिन फुगतं, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये झटकन सुकतं आणि रेषारेषांमधला अपवर्तनांकातला (प्रकाश किती वाकतो त्या मापातला) फरक ठळक होतो. हवेतली ओल आत शिरली की तोच फरक पुसला जातो. म्हणून काच वाळली की लगेच कडेचं जिलेटिन चारी बाजूंनी खरवडा आणि वरून दुसरी काच इपॉक्सीने चिकटवा. खरवडायचा कंटाळा करू नका, ओल कडेनेच शिरते. आणि कळकळीने सांगतो, डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. हातमोजे घालाच, धुतलेलं पाणी परसात किंवा विहिरीजवळ अजिबात ओतू नका.