‘टिप’ला मराठीत काय म्हणायचं? बक्षिसी, पोस्त की आणखी काही?

डॅलसहून

आईबाबा दोन महिन्यांसाठी आलेत. परवा सगळे बाहेर जेवायला गेलो, बिल झालं ६४ डॉलर. वाढणारी मुलगी कार्ड घेऊन गेली आणि काळ्या पुठ्ठ्यात दोन पावत्या घालून आणल्या. तळाला दोन रिकाम्या रेघा : टिप आणि एकूण. मी टिपच्या रेघेवर १२ लिहिले. बाबा शेजारून बघतच होते.

“अगं, वाढायचे हजार रुपये?”

मी म्हटलं, बक्षीस असतं ते. तर म्हणाले, “कसलं बक्षीस? कोणती शर्यत जिंकली तिनं?”

मला उत्तर सुचेना. चूक बाबांची नव्हती, माझा शब्दच चुकला असं तेव्हापासून वाटतंय. या प्रकाराला आपल्याकडे नेमका शब्द आहे का?

साताऱ्याहून

बाबांचा आक्षेप रास्त आहे. बक्षीस मूळ फारसीतून आलं, खूश होऊन दिलेली देणगी या अर्थानं. पुढे मराठीत ते शाळेच्या स्नेहसंमेलनात जाऊन बसलं. आज बक्षीस म्हटलं की पहिला-दुसरा नंबर आठवतो. हॉटेलातल्या पैशासाठी त्याचंच भावंड ‘बक्षिसी’ उरलं आहे, पण तिच्यातही देणाऱ्याची मर्जी आहेच. बडीशेपेच्या ताटलीत सुटे दहा-वीस सोडून उठतो, ती बक्षिसी. नाही सोडली तरी कोणी मागे धावत येत नाही. चिरीमिरी आणि चहापाणी हे शब्द टेबलाखालचे, त्यांना इथे आणू नका.

लिहिताना एक पथ्य पाळा. मराठीत ‘टीप’ आधीच चार ठिकाणी कामाला आहे : पुस्तकातली तळटीप, शिंप्याची टीप, खबऱ्यानं पोलिसांना दिलेली टीप आणि गवयाची टीप. या सगळ्यांचं सामान्यरूप ‘टिपे-’ होतं. टिपेचा सूर म्हणजे वरचा सूर. म्हणून हॉटेलातली मी ऱ्हस्व लिहितो आणि ‘टिपचे पैसे’ म्हणतो. ‘वेटरला टीप दिली’ असं दीर्घ छापलेलं वाचलं की छापा कुठे पडला ते शोधावंसं वाटतं.

गिरगावातून

‘पोस्त’ विसरलात? दिवाळीत पोस्टमन, भंगी, लिफ्टवाला दारात येऊन हक्कानं मागायचे, ती दिवाळीची पोस्त. तिच्यात मर्जी कमी आणि रिवाज जास्त. अमेरिकेच्या टिपला ती जवळची वाटते.

फ्रीमाँटहून

जवळची आहे, पण गंमत बघा. पोस्तीचा पहिला मानकरी पोस्टमन, आणि इथे नेमकं त्यालाच रोख देता येत नाही. टपाल खात्याच्या नियमानुसार एका वेळी २० डॉलरपर्यंतची भेटवस्तू चालते, एका गिऱ्हाइकाकडून वर्षभरात सगळी मिळून ५० पर्यंत. रोकड अजिबात नाही. शिवाय पोस्त वर्षातून एकदा, टिप दर जेवणाला.

डॅलसच्या ताईंना : बाबांना त्या मुलीचा पगार सांगा, शब्द आपोआप सापडेल. ज्यांना टिप मिळते त्यांना मालकानं ताशी २.१३ डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्याला चालतं. हा आकडा १९९१पासून हललेला नाही आणि टेक्सासमध्ये तोच लागू आहे. टिप धरून ताशी ७.२५ भरले नाहीत तर फरक मालकानं घालायचा, असा नियम. म्हणजे जेवणाच्या दरात तिची मजुरी पुरती धरलेलीच नाही. ती तुम्ही परस्पर देता. आमच्या कॅलिफोर्नियात मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, तरी १८-२० टक्क्यांची सवय तीच. हे मात्र मला आजवर पटलेलं नाही.

आणि अमेरिकनांनाही हे सगळं गोड वाटत होतं असं नाही. वॉशिंग्टन राज्यानं १९०९ साली टिपवर बंदीचा कायदा केला होता, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी. १९२६पर्यंत ते सगळे कायदे रद्द झाले.

डॅलसहून

मजुरी! मग ‘दक्षिणा’ कशी वाटते? म्हणायला यथाशक्ती, पण आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. कमी ठेवली तर गुरुजी बोलत नाहीत, चेहरा बोलतो.

ता. क. सहापेक्षा जास्त माणसं असली की बिलावर पुष्कळदा ‘ग्रॅच्युइटी १८ टक्के’ आधीच छापून येते. ती दिसली की वेगळी टिप लिहायची गरज नाही. बाबांनी मागच्या आठवड्यात ते वाचलं आणि विचारलं, “ही मुलगी रिटायर होतेय का?” १९७२च्या कायद्यानं आपल्याकडे ग्रॅच्युइटी निवृत्तीला चिकटली ती कायमची.

साताऱ्याहून

दक्षिणा नको. ती आदरानं, नमस्कार करून द्यायची असते. कोणी ‘बलुतं’ सुचवेल, त्यात कामाचा मोबदला गिऱ्हाइकाकडूनच येतो हे खरं, पण त्यामागची जात आणि लाचारी विसरून तो शब्द वापरता येणार नाही.

मजुरीच म्हणायची असेल तर मराठीत प्रत्यय तयार आहे. दळायचे पैसे दळणावळ, धुवायचे धुणावळ. मग वाढायचे पैसे ‘वाढणावळ’. मर्जी नाही, उपकार नाही, कामाचा दर.

गिरगावातून

वाढणावळ झकास! पण टॅक्सीवाला काय वाढतो? हॉटेलात खोली आवरणाऱ्या बाईसाठी उशीजवळ दोन-चार डॉलर ठेवतात, त्याला काय म्हणणार?

साताऱ्याहून

तिथे बक्षिसी खुशाल म्हणा. एकाच शब्दानं सगळी टेबलं पुसायची गरज नाही.

डॅलसहून

घरी सांगितलं. बाबांना वाढणावळ एकदम पटली. “असं सांग ना, मजुरी आहे म्हणून.” काल मीच कार्ड काढत होते, तर त्यांनी पुठ्ठा ओढून घेतला, चष्मा वर केला आणि ४१ डॉलरचे वीस टक्के तोंडी काढले. आठ डॉलर वीस सेंट, पैशासकट लिहिले. मी म्हटलं, बाबा, नऊ लिहा सरळ.

“दळणावळ कधी वर दिली होती का गं आपण?”

आता आईचा प्रश्न आहे : वाढणावळ द्यायची की ठेवायची?